‘वीस सात’च्या आधी आणि नंतर : खेळातल्या गणिताची पार्श्वभूमी

तिसरी संपेपर्यंत प्रत्येक मुलाला समजून वाचता यावे आणि साधे हिशेब जमावेत, हे २०२१ मध्ये देशपातळीवर ठरलेले उद्दिष्ट २०२६-२७ या वर्षाला येऊन भिडते. त्यामुळे खेळ, बाजारभेट, परिसरभेट यांतून गणित शिकवण्याची चर्चा पुन्हा जोरात आहे. ही चर्चा नवी नाही. महाराष्ट्रात ती ज्या एका मुद्द्यावर अडखळली, म्हणजे २७ ला ‘सत्तावीस’सोबत ‘वीस सात’ असेही म्हणायचे का, तो मात्र नीट समजून घ्यायला हवा.

मागचे थोडक्यात. पंतोजींच्या काळी मुले धुळीवर अक्षरे गिरवत आणि पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, औटकी हे अपूर्णांकांचे पाढे घोकत. पाठांतराचा काच होताच, पण रुपयाचे सोळा आणे आणि धान्याची पायली-शेर असताना हे पाढे बाजारात रोज उपयोगी पडत. १९५७ मध्ये दशमान नाणी आली, पाठोपाठ किलो आणि मीटर आले आणि अपूर्णांकांचे हे पाढे शाळेतून हळूहळू गेले. त्यांच्यासोबत घरातला हिशेब आणि वर्गातले गणित यांच्यातला एक धागाही तुटला.

दरम्यान डहाणू भागात वेगळे काम उभे राहिले होते. १९४५ पासून बोर्डीत आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर, मुले शाळेत येत नाहीत म्हणून शाळाच पाड्यावरच्या अंगणात गेली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी ती कुरणात गेली, म्हणून कुरणशाळा. ‘अंगणवाडी’ हा शब्द या कामातला. १९७५ च्या बालविकास योजनेने तो देशभर नेला, पण त्याला पोषण आहार, लसीकरण आणि नोंदवह्या जास्त चिकटल्या. अंगणात बसून शिकणे हा मूळ अर्थ मागे पडला, याचे वाईट वाटते.

नंतरचे मोठे वळण २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याचे. मूल स्वतः ज्ञान रचते, ही त्यातली मांडणी. सातारा जिल्ह्यातल्या कुमठे बीटच्या (शिक्षण खात्याच्या देखरेखीतल्या एका शाळागटाच्या) शाळांनी ती वर्गात उतरवली आणि राज्यभरातून शिक्षक ते बघायला गेले. २०१५ मध्ये राज्याचा कार्यक्रम आल्यावर गावोगावी ‘ज्ञानरचनावादी वर्ग’ तयार झाले. अनेक ठिकाणी त्याचा अर्थ फरशी रंगवणे एवढाच उरला. पण जिथे काम मनापासून झाले, तिथे मुले जमिनीवर बसून काड्यांचे गठ्ठे बांधू लागली. दहा काड्या, एक रबर, एक दशक. दोन गठ्ठे आणि सुट्या सात काड्या समोर ठेवल्या, की मूल म्हणते, ‘वीस आणि सात’.

इथूनच २०१९ चा वाद निघाला.

त्या वर्षी दुसरीच्या गणिताच्या नव्या पुस्तकात ‘सत्तावीस’सोबत ‘वीस सात’ असे संख्यावाचनही आले. जूनमध्ये त्यावर गदारोळ झाला. विधिमंडळात विषय गाजला, ज्यांत ‘वीस’ ऐकू येते अशा आडनावांवरून कोट्या झाल्या, मराठी बुडाली असे अग्रलेख आले. जुने शब्द पुस्तकातून काढलेले नाहीत, दोन्ही पद्धती दिल्या आहेत, हे त्या गोंगाटात फार थोड्यांपर्यंत पोचले.

अडचण खरी होती. सहा-सात वर्षांच्या मुलाला पाटीवर सत्तावीस लिहायला सांगा. त्याच्या कानावर आधी ‘सत्ता’ पडते, म्हणून ते आधी ७ लिहिते, मग २. पाटीवर बहात्तर तयार. तरी सत्तावीसमध्ये सात आणि वीस ओळखू तरी येतात. एकोणतीसमध्ये २ ही ऐकू येत नाही आणि ९ ही नाही. एकोणीसपासून एकोणनव्वदपर्यंत हाच नियम आणि शेवटी मात्र नव्याण्णव! दोनाची रूपे बघा : बावीस, बत्तीस, बेचाळीस, बहात्तर, ब्याऐंशी. मोठ्यांच्या जिभेला हे इतके सवयीचे झालेले असते की त्यात शिकण्यासारखे काही आहे हेच आपण विसरतो. तेलुगूत सत्तावीसला ‘इरवै एडु’ म्हणतात, म्हणजे सरळ वीस सात. सोलापुरात घरी तेलुगू बोलणारी कितीतरी मुले हा फरक रोज ओलांडतात.

आणि आपल्या खेळात हे आकडे पूर्वीपासून आहेत. विटीदांडूत वकट, लेंड, मुंड, नाल म्हणत ज्यांनी विटी टोलवली, त्यांनी तेलुगूच्या ओकटि, रेंडु, मूडु, नालुगु यांच्याशी सरळ नाते सांगणारे शब्दच वापरले. त्याने कुणाची मराठी बिघडली नाही.

विरोधातला एक मुद्दा मात्र मोलाचा होता. आठवडी बाजारात भाजीवाली ‘सत्तावीस रुपये’ म्हणते, एसटीचा कंडक्टरही तेच म्हणतो. मूल बाहेरूनच शिकणार असेल, तर बाहेरचा शब्द त्याला यायलाच हवा. माझ्या मते पुस्तकाचेही याला ‘नाही’ नव्हते. गठ्ठे आणि सुट्या काड्या बघताना ‘वीस सात’, बाजारात ‘सत्तावीस’. एकावरून दुसऱ्यावर जायचा तो पूल होता. शिक्षकांशी आणि पालकांशी आधी पुरेसे बोलून तो बांधला असता, तर इतका गैरसमज झाला नसता.

वाद निवला आणि मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या. २०२२ मध्ये पहिलीत येणाऱ्या मुलांसाठी शाळापूर्व तयारीचे मेळावे झाले आणि वस्तीवस्तीत आयांचे गट बनले. त्याच वर्षी तीन ते आठ वयासाठीच्या राष्ट्रीय आराखड्याने खेळाला शिकण्याच्या केंद्रस्थानी ठेवले, २०२३ मध्ये त्याला धरून खेळसाहित्याची पेटी आली, २०२४ मध्ये राज्यातल्या शाळांत शनिवार ‘आनंददायी’ झाला. यातले सगळ्यात दूर जाणारे काम मला आयांच्या गटांचे वाटते. तिथे कांदे-बटाटे वेगळे करणे हे वर्गीकरण असते, पायऱ्या चढणे ही मोजणी असते आणि ओटा किती वीत आहे हे आईच्या आणि मुलाच्या वितीने वेगवेगळे भरते. का वेगळे भरले, हे मूल स्वतःच विचारते. पुस्तकातला मापनाचा धडा पुढे कधीतरी येतो, तोवर प्रश्न विचारून झालेला असतो.