सील थैलीला की पाकिटाला? ईमेलच्या एन्क्रिप्शनचा रोजचा घोळ

‘ब्राउझरमध्ये वेबसाइटच्या पत्त्याशेजारी कुलूप दिसतं ना, मग माझी ईमेल कुणाला वाचता येत नाही.’ हे मी नातेवाइकांकडून, दुकानदारांकडून, अगदी संगणक शिकवणाऱ्यांकडूनही ऐकतो, आणि दर वेळी तळमळतो. कुलूप खरं आहे. पण ते कशाला लावलंय, हे कुणी विचारत नाही.

व्हॉट्सअॅपचं सगळ्यांना माहीत आहे. २०१६ पासून तिथले निरोप फक्त दोन टोकांच्या फोनवर उघडतात. ईमेलचं तसं नाही.

तिकिटं छापणारी प्रेस आपल्या नाशिकरोडला आहे, तेव्हा टपालाचंच उदाहरण घेतो. पोस्टकार्डं थैलीत भरली, थैलीला लाखेचं सील लावलं आणि थैली गाडीत चढवली. वाटेत कुणाला काही वाचता येणार नाही. पण पुढच्या टपाल कार्यालयात थैली उघडली, की प्रत्येक कार्ड उघडंच. एन्क्रिप्शन म्हणजे मजकूर चावीशिवाय वाचता येणार नाही असा करणं. ईमेलचं रोजचं एन्क्रिप्शन, म्हणजे टीएलएस, हे थैलीचं सील. तुमच्या फोनपासून ईमेल कंपनीच्या सर्व्हरपर्यंत, म्हणजे तिच्या संगणकापर्यंत, आणि एका सर्व्हरपासून दुसऱ्यापर्यंतचा रस्ता ते राखतं. सर्व्हरवर मात्र चावी कंपनीकडे असते. म्हणून तर तिला स्पॅम वेगळा काढता येतो आणि दहा वर्षांपूर्वीची पावती शोधून देता येते.

दुसरं एन्क्रिप्शन पाकिटाचं. फिल झिमरमन यांनी १९९१ मध्ये आणलेलं पीजीपी त्यातलं. मजकूर तुमच्याकडेच बंद होतो आणि ज्याला पाठवला त्याच्या चावीनेच उघडतो, मधल्या कंपनीला तो दिसत नाही. पण पाकिटावरचा पत्ता उघडा राहतो, आणि बहुतेक वेळा विषयाची ओळही. आजाराचं नाव विषयात लिहून आत पीजीपी वापरलं, तर आजार लपत नाही.

सामान्य माणसाला हे पाकीट लागतं का? माझ्या मते रोजच्या ईमेलला नाही. दोन्ही बाजूंना ते वापरता यावं लागतं, आणि चावी हरवली तर जुनी पत्रं कायमची बंद. पासवर्ड विसरलात तर निदान तो बदलून तरी मिळतो. बातमीचा स्रोत लपवणाऱ्या पत्रकाराची गोष्ट वेगळी, त्याने पाकीट वापरावंच. बाकीच्यांनी आधी खात्याला दोन टप्प्यांची पडताळणी लावावी, म्हणजे पासवर्डनंतर फोनवरचा कोडही लागतो. खात्यातच कुणी शिरला तर थैलीचं सील काय कामाचं?

पासवर्ड लावलेली पीडीएफ पाठवून त्याच ईमेलमध्ये पासवर्ड लिहिणं मला अजिबात खपत नाही. तो फोनवर सांगा. ई-आधारचा पासवर्ड तर नावाची पहिली चार अक्षरं आणि जन्मवर्ष, म्हणजे ओळखीच्या कुणालाही उघडेल असा.

आणि नाशिकच्या सीबीएस बसस्थानकाजवळ झेरॉक्स काढायला गेल्यावर आपण काय करतो? काउंटरवर चिकटवलेल्या जीमेल पत्त्यावर आधार, पॅन, पासबुक पाठवून मोकळे होतो. तिथे थैली आणि पाकीट दोन्ही निरुपयोगी, कारण पत्राचं दुसरं टोक म्हणजे ते दुकानच. चालत असेल तिथे पहिले आठ आकडे झाकलेलं मास्क्ड आधार द्या. प्रिंट हातात आली, की ईमेल समोरच डिलीट करायला सांगा, ट्रॅशमधूनही. दुकानदार ओळखीचा असला तरी.