ॲस्बेस्टॉसजन्य कर्करोग : रुग्णसाहाय्य

ॲस्बेस्टॉस या तंतुमय खनिजाचे सूक्ष्म तंतू श्वासावाटे शरीरात गेल्याने होणाऱ्या कर्करोगाच्या रुग्णांना व त्यांच्या कुटुंबीयांना दिली जाणारी वैद्यकीय, कायदेशीर व आर्थिक मदत. फुप्फुस, स्वरयंत्र व अंडाशयाचे कर्करोगही यात येतात. परंतु मदतीची बहुतेक घडण मेसोथेलिओमा या फुप्फुसावरणाच्या (क्वचित उदरावरणाच्या) कर्करोगाभोवती झालेली आहे. फुप्फुसाच्या कर्करोगात विडी-सिगारेटकडे बोट दाखवता येते. मेसोथेलिओमाचा धूम्रपानाशी संबंध आढळत नाही.

मेसोथेलिओमाचा ॲस्बेस्टॉसशी असलेला संबंध दक्षिण आफ्रिकेतील वॅग्नर व सहकाऱ्यांच्या 1960 मधील निबंधाने ठळक झाला. केप प्रांतातील निळ्या ॲस्बेस्टॉसच्या खाणपट्ट्याशी निगडित 33 रुग्ण त्यात नोंदवले होते आणि त्यांतील काहींचा संबंध फक्त तेथील वास्तव्याचा होता. न्यूहाउस व टॉम्प्सन यांनी 1965 मध्ये लंडनमधील रुग्णांत कामगारांच्या घरची माणसे आणि कारखान्यापासून अर्ध्या मैलाच्या आत राहणारे रहिवासीही दाखवून दिले. पांढऱ्या ॲस्बेस्टॉसबाबत (क्रिसोटाइल) मात्र वाद आहे. शुद्ध क्रिसोटाइलने मेसोथेलिओमा क्वचितच होतो, दोष त्यात मिसळलेल्या ट्रेमोलाइट या दुसऱ्या तंतुमय खनिजाचा, असे एक मत आहे. निळा व तपकिरी प्रकार अधिक घातक असल्याचे सहसा मान्य केले जाते. तथापि आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था सर्वच प्रकारांना कर्करोगकारक मानते व तेच मत अधिक ग्राह्य वाटते. भारतातील सिमेंटच्या पत्र्यांत पांढराच प्रकार वापरला जात असल्याने हा वाद येथे केवळ खनिजशास्त्राचा राहत नाही.

पीडितांच्या संघटित मदतीचा आरंभ ब्रिटनमध्ये साधारणपणे 1970 नंतरच्या दशकात धरता येईल. नॅन्सी टेट यांचे पती टेलिफोन अभियंता होते. ते 1968 मध्ये मेसोथेलिओमाने वारले. टेट यांनी 1976 मध्ये पुस्तिका काढली व 1978 मध्ये संस्था स्थापन केली. ‘संघटित’ या शब्दाकडे पाहता दुसरे वर्ष धरणे योग्य.

तंतू शरीरात गेल्यापासून निदान होईपर्यंत बहुधा 20 ते 50 वर्षे जातात. तोवर कारखाना बंद पडलेला, हजेरीपट रद्दीत गेलेला असतो. म्हणून रुग्णाशेजारी बसून कोणत्या साली, कोणत्या खात्यात, कोणाबरोबर काम केले हे लिहून घेणे हा या मदतीचा मोठा भाग होय. अनेक मालकांकडे काम केलेल्याने नेमका कोणाचा तंतू बाधला हे कसे सिद्ध करावे? ‘फेअरचाइल्ड’ खटल्यात (2002) ब्रिटिश उमराव सभेने (तेव्हाचे तेथील सर्वोच्च न्यायपीठ) मालकाने धोका लक्षणीय वाढवला एवढे पुरेसे मानले. मालक वा विमा कंपनी सापडतच नाही, अशांसाठी तेथे 2014 चा कायदा आहे.

भारतात सर्वोच्च न्यायालयाने 27 जानेवारी 1995 रोजी कामगारांच्या आरोग्यनोंदी नोकरी लागल्यापासून 40 वर्षे किंवा ती सुटल्यानंतर 15 वर्षे, यांतील जी मुदत उशिरा संपेल तोवर जपण्याचा आदेश दिला. अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेच्या तपासणीत बाधित ठरणाऱ्यास एक लाख रुपये भरपाईही ठरवली. नोव्हेंबर 2025 पर्यंत लागू असलेल्या कर्मचारी भरपाई कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टात ॲस्बेस्टॉसजन्य फुप्फुस कर्करोग व मेसोथेलिओमा यांचा समावेश होता. मुंबईत मुरलीधर व कान्हेरे यांनी एका कारखान्यातील 181 कामगार तपासले. त्यांतील पाचांपैकी एकाहून अधिकांना ॲस्बेस्टोसिस (कर्करोग नव्हे, फुप्फुसे घट्ट होण्याचा विकार) आढळला. मेसोथेलिओमामुळे छातीत पाणी झाले तरी येथे पहिला संशय क्षयाचा येतो. कामाची चौकशी मागे पडते.

उपचारांनी आयुष्य काही प्रमाणात वाढते. रोग सहसा बरा होत नाही. पाणी वारंवार साचत असल्यास बारीक नळी कायम बसवून ते घरच्या घरी काढता येते, त्यासाठी घरातल्या एकाला बाटली जोडायला शिकवतात.

कामगाराचे धुळीने माखलेले कपडे झटकून धुणाऱ्या पत्नीला हा रोग झाल्यास कर्मचारी भरपाई कायदा तिच्या उपयोगी पडत नसे. ती कर्मचारी नसते. जपानच्या 2006 च्या साहाय्य कायद्यात अशा रुग्णांना व कारखान्याच्या परिसरातील रहिवाशांना मदत मिळते.