रात्रशाळा, मंडप आणि अभ्यासिका : नागपुरातल्या लोकशिक्षणाची पार्श्वभूमी

नागपूर विद्यापीठाची स्थापना ४ ऑगस्ट १९२३ची. त्याच वर्षी संक्रांतीच्या दिवशी, १४ जानेवारीला, अमरावतीत विदर्भ साहित्य संघ सुरू झाला आणि पुढे त्याचं बिऱ्हाड नागपुरात, बर्डीवर म्हणजे मध्यवर्ती सीताबर्डी भागात आलं. दोन्ही संस्थांची शताब्दी नुकतीच साजरी झाली. त्यामुळे असेल, पण शहराच्या वैचारिक जीवनाचा हिशेब १९२३पासून मांडायची सवय पडली आहे. हा हिशेब अपुरा आहे. शाळा-कॉलेजचं वय उलटून गेलेल्या, किंवा त्या दारातून कधी आतच न गेलेल्या माणसांच्या शिक्षणाचा नागपुरातला इतिहास थोडा आधी आणि वेगळ्याच पत्त्यावर सुरू होतो.

तो पत्ता गिरणीच्या आसपासचा आहे. टाटांची एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ रोजी सुरू झाली. रेल्वे होती, कामठीला लष्करी छावणी होती. भोवतालच्या खेड्यांतून आलेल्या महार कुटुंबांना इथे रोख मजुरी मिळू लागली आणि गावकीच्या, म्हणजे जातीने लादलेल्या गावच्या कामाचा फास सैलावला. त्याच काळात मिशनऱ्यांच्या शाळाही होत्या. स्टीफन हिस्लॉप १८४५ सालीच नागपुरात आले होते. हातात थोडे पैसे आणि घरात एखादा वाचता येणारा माणूस, एवढं जुळलं की वस्तीत वर्तमानपत्र येतं. नागपूर जिल्ह्यातल्या मोहपा गावचे दलित चळवळीतले कार्यकर्ते किसन फागुजी बनसोडे यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच छापखाना घातला, पत्रं काढली. त्यांतल्या एकाचं नावच ‘मजूर पत्रिका’ होतं. विद्यापीठाची इमारत उभी राहायच्या आधी वस्तीत छपाईची शाई पोचली होती, हे लक्षात ठेवण्याजोगं आहे.

जाईबाई चौधरींची गोष्ट तर मुद्दाम सांगायला हवी. नागपूर-कामठी रस्त्यावर डोक्यावरून ओझी वाहणारी ही बाई. एका मिशनरी बाईंच्या ओळखीने त्यांना शाळेत शिकवायचं काम मिळालं. पण शिक्षिका अस्पृश्य आहे हे कळताच सवर्ण पालकांनी शाळेवर बहिष्कार टाकला आणि नोकरी गेली. मग जाईबाईंनी १९२०च्या दशकात नागपुरात स्वतःचीच शाळा काढली, संत चोखामेळ्याच्या नावाने, मुलींसाठी. त्याच दशकात कामठीत बाबू हरदास रात्रशाळा चालवत होते. ‘जय भीम’ या अभिवादनाचे जनक म्हणून त्यांचं नाव घेतलं जातं, पण विडी कामगारांची संघटना, रात्रशाळा आणि वाचनालय ही त्यांची तीन कामं एकमेकांत गुंतलेली होती. दिवसभर विड्या वळणारा माणूस संध्याकाळी पाटी घेतो, तेव्हा त्याला अक्षरं हवी असतात ती मजुरीचा हिशेब आणि मालकाचा कागद वाचण्यासाठीसुद्धा. हरदास १९३७ साली प्रांतिक कायदेमंडळावर निवडून गेले आणि १९३९मध्ये, वयाच्या पस्तिशीत, वारले.

या धाग्याचा कळस १९४२ साली दिसला. जुलैच्या १८ आणि १९ तारखेला नागपुरात अखिल भारतीय दलित वर्ग परिषद भरली आणि लगेच २० तारखेला महिलांची परिषद. अध्यक्षस्थानी सुलोचनाबाई डोंगरे होत्या, समोर हजारो बाया. घटस्फोटाचा हक्क, बहुपत्नीत्वाला बंदी, गिरणीत राबणाऱ्या बायकांच्या रजा असे ठराव तिथे मांडले गेले आणि संमत झाले. ज्यांतल्या बहुतेकींना शाळा ठाऊक नव्हती, त्यांनी कायद्याच्या प्रश्नांवर सार्वजनिक मंडपात मत द्यावं, याला लोकशिक्षणाखेरीज दुसरं काय म्हणायचं?

बर्डीवरचा प्रवाह निराळा. तिथे सभागृह, अध्यक्षांची खुर्ची, हारतुरे आणि मग व्याख्यान. या प्रवाहाला कमी लेखायचं कारण नाही. मॉरिस कॉलेजात शिकवलेल्या वा. वि. मिराशींनी वाकाटक या प्राचीन राजघराण्याच्या ताम्रपटांवर जे काम केलं, त्यामुळे विदर्भाला आपला प्राचीन इतिहास नीट कळला. विदर्भ संशोधन मंडळासारख्या संस्थांमुळे तो वर्गाबाहेर आला. राम शेवाळकर ज्ञानेश्वरीवर किंवा महाभारतावर बोलायला उभे राहिले की सभागृह भरायचं आणि ऐकणाऱ्यांत निवृत्त कारकुनापासून गृहिणीपर्यंत सगळे असायचे. फक्त हा श्रोता बहुतेक आधीच शिकलेला होता, आणि त्याने ऐकायचं, बोलायचं नाही, अशी रीत होती. प्रश्नोत्तरांना वेळ उरत नसे. अजूनही उरत नाही.

तिसरी वाट पंचाहत्तर किलोमीटरवरच्या वर्ध्याहून आली. ऑक्टोबर १९३७मध्ये तिथल्या शिक्षण परिषदेत नई तालीमची, म्हणजे हातकामातून शिकवायच्या गांधीजींच्या पद्धतीची मांडणी झाली आणि १९४५च्या सेवाग्राम बैठकीत गांधीजींनी तिची कक्षा वाढवून प्रौढ शिक्षणही तिच्यात घेतलं. तुकडोजी महाराजांनी तीच दिशा खंजिरीवर आणली. त्यांच्या ग्रामगीतेत ४१ अध्याय आहेत आणि ती गावागावांत सामूहिकपणे वाचली जाते, म्हणजे एकजण वाचतो, बाकीचे ऐकतात, मग बोलतात. नागपूर विद्यापीठाला २००५ साली त्यांचं नाव मिळालं. नाव दिल्याने पद्धत येत नाही, ही वेगळी गोष्ट.

१९५६ साली शहरात दोन घटना तीन आठवड्यांच्या आत घडल्या. १४ ऑक्टोबरला डॉ. आंबेडकरांनी लाखोंच्या साक्षीने धम्मदीक्षा घेतली. १ नोव्हेंबरला राज्य पुनर्रचना झाली आणि नागपूरचा मध्य प्रदेशाच्या राजधानीचा मान गेला. सचिवालय उठलं, अधिकारी भोपाळ-मुंबईकडे गेले. पण दीक्षाभूमी राहिली आणि तिथे दरवर्षी जे उभं राहू लागलं तसं देशात क्वचितच दिसतं. दसऱ्याच्या सुमारास परिसरात पुस्तकांचे स्टॉल लागतात, गावाकडून भाकरी बांधून आलेला माणूस परतताना पिशवीत पुस्तकं नेतो. शासकीय मुद्रणालयाच्या स्टॉलवर आंबेडकरांच्या लेखन-भाषणांच्या खंडांसाठी रांग असते. या खंडांचं संपादन करणारे वसंत मून नागपूरच्याच वस्तीत वाढलेले. पहिला खंड १९७९ला आला. खंडांची छपाई रखडली तेव्हा २०२१मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने वर्तमानपत्रातली बातमी वाचून स्वतःहून दखल घेतली. पुस्तक मिळत नाही म्हणून प्रकरण न्यायालयात जावं, यातच मागणी किती आहे ते दिसतं.

सरकारी योजना या सगळ्याला समांतर चालल्या. केंद्रीय कामगार शिक्षण मंडळ १९५८मध्ये स्थापन झालं आणि त्याचं मुख्यालय नागपुरात आलं; शहरातल्या किती जणांना हे माहीत असेल, शंकाच आहे. १९६७च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्याने वाचनालयांना दर्जा आणि अनुदान दिलं. मग २ ऑक्टोबर १९७८ला राष्ट्रीय प्रौढ शिक्षण कार्यक्रम आला: १५ ते ३५ वयाच्या दहा कोटी लोकांना पाच वर्षांत साक्षर करायचं, दर शिक्षण केंद्रामागे तीसेक प्रौढ, शिकवणाऱ्याला महिन्याला ५० रुपये. कंदील, फळा, हजेरीपुस्तक. याच सुमारास विद्यापीठ अनुदान आयोगाने विस्तारकार्य हे अध्यापन आणि संशोधनाच्या बरोबरीचं मानलं आणि विद्यापीठांत प्रौढ शिक्षणाचे विभाग उघडले. त्यांच्याच पाट्यांवर आता ‘आजीवन अध्ययन व विस्तार’ असं लिहिलेलं असतं. माझ्या मते अडचण मोजमापात होती. अंगठ्याऐवजी सही आली की माणूस साक्षर धरला गेला. सही करणाऱ्याने पुढे काय वाचायचं, कोणाशी बोलायचं, याची तजवीज फार थोड्या ठिकाणी झाली. हरदासांच्या कामात रात्रशाळेला लागून वाचनालय होतं, संघटनाही होती. योजनेत केंद्र होतं आणि मुदत होती.

२०११च्या जनगणनेत नागपूर जिल्ह्याची साक्षरता ८८ टक्क्यांवर गेली. त्यामुळे आता प्रश्न बदलला आहे, आणि तो बदल विहारांत सगळ्यात स्पष्ट दिसतो. उत्तर नागपुरात अनेक बुद्ध विहारांना जोडून अभ्यासिका आहेत. पूर्वी जिथे पेपर आणि पुस्तकं वाचायला वडीलधारी मंडळी बसत, तिथे आता एमपीएससीची तयारी करणारी पोरं सकाळपासून जागा धरतात. ही गरज खरी आहे, तिला नावं ठेवण्यात अर्थ नाही. पण त्या खोलीत आवाज करायची सोय उरलेली नाही. चर्चा बाहेर, चहाच्या टपरीवर गेली.

२०२२ ते २०२७ या काळासाठी केंद्राने आखलेल्या ‘उल्लास’ नवभारत साक्षरता कार्यक्रमाचे पाच भाग आहेत: पायाभूत साक्षरता व संख्याज्ञान, जीवनकौशल्यं, व्यावसायिक कौशल्यं, मूलभूत शिक्षण आणि निरंतर शिक्षण. परीक्षा १५० गुणांची, वाचन, लेखन आणि गणिताला प्रत्येकी ५०. तिचा संबंध फक्त पहिल्या भागाशी आहे. वाचनालयं, साहित्य संघाच्या शाखा, विहार, ग्रामगीतेची मंडळं यांना काही जागा असेल तर ती पाचव्या भागात, आणि त्याची परीक्षा कोणी घेत नाही.