सुपरकंडक्टिंग सर्किट आणि प्रकाशावर चालणारं क्वांटम नेटवर्क

लांब-लांबचे क्वांटम कॉम्प्युटर फायबरमधल्या प्रकाशाने एकमेकांना जोडायचे, त्याला क्वांटम नेटवर्क म्हणतात. असं पूर्ण नेटवर्क अजून कुठंच उभं नाही, जगभरच्या लॅबमध्ये काम चालूय आणि घोडं अडलंय ते मायक्रोवेव्हचं प्रकाशात रूपांतर करणाऱ्या मधल्या एका कन्व्हर्टरवर.

सुपरकंडक्टिंग क्युबिट (विजेला अडथळा न करणाऱ्या अतिथंड सर्किटमधला, क्वांटम कॉम्प्युटरमधल्या माहितीचा छोटा एकक) चालतो साधारण ५ गिगाहर्ट्झच्या मायक्रोवेव्हवर, तोही डायल्यूशन फ्रिजमध्ये १०-२० मिलिकेल्विनला, म्हणजे शून्याखाली जवळपास २७३ अंश. त्याचा फोटॉन, म्हणजे मायक्रोवेव्हचा एकच कण, साध्या केबलने बाहेर काढला तर खोलीच्या तापमानाला त्याच फ्रिक्वेन्सीचे हजारभर उष्णतेचे फोटॉन तिथं आधीच असतात, मग आपला एकटा शोधायचा म्हणजे नवरात्रात कोल्हापूरच्या महाद्वार रोडवर हात सुटलेलं पोर शोधण्यातली गत. १५५० नॅनोमीटरच्या प्रकाशाला हा त्रास नाही, त्याची फ्रिक्वेन्सी जवळपास ४० हजार पट जास्त आहे, तेवढी ऊर्जा खोलीतल्या उष्णतेत नसतेच.

पण फायबरमध्येपण किलोमीटरला ०.२ डेसिबल प्रकाश वाटेत गळतोच. कोल्हापूर ते सांगली ५० किलोमीटर धरलं तर दहातला एक फोटॉन पोचेल, पुण्यापर्यंत २३० धरलं तर ४० हजारांत एक, आणि मध्ये नेहमीचा अ‍ॅम्प्लिफायर लावता येत नाही कारण अनोळखी क्वांटम अवस्थेची कॉपी निघतच नाही, हे १९८२ मध्येच सिद्ध झालंय.

कन्व्हर्टरसाठी लिथियम नायोबेटचे स्फटिक, कंप पावणाऱ्या बारीक चिप्स, अर्बियमचे अणू असं बरंच काही वापरून बघतायत. सगळ्यांना जोरदार लेसर लागतो, आणि खरी गोची हीच, कारण लेसरने चिप तापते आणि प्रकाश सुपरकंडक्टरमधल्या इलेक्ट्रॉनच्या जोड्या फोडतो. २०२० मध्ये अमेरिकेतल्या कॅलटेक विद्यापीठातल्या ऑस्कर पेंटर यांच्या ग्रुपने क्युबिटची अवस्था प्रकाशात उतरवून दाखवली. २०२३ मध्ये ऑस्ट्रियात योहानेस फिंक यांच्या ग्रुपने मायक्रोवेव्ह आणि प्रकाश यांच्यात थेट एंटँगलमेंट (दोघांच्या अवस्था एकमेकांत गुंतवणं) केलं. त्याच वर्षी झुरिचच्या ईटीएच विद्यापीठाने प्रकाश न वापरता ३० मीटरची अख्खी नळीच थंड ठेवून दोन क्युबिट जोडले, काम जबरदस्तच, पण सांगलीपर्यंत असली नळी कोण टाकणार?

भारतात एप्रिल २०२३ मध्ये ६,००३.६५ कोटींचं राष्ट्रीय क्वांटम मिशन मंजूर झालं, सुपरकंडक्टिंग क्युबिटवर मुंबईच्या टीआयएफआर या संशोधन संस्थेत काम चालतं, कोल्हापुरात फिजिक्स शिकणाऱ्या पोरांनी तिकडं नक्की लक्ष ठेवावं.

फिंक यांचा रस्ता जास्त पटतो. अवस्था थेट पाठवली आणि फोटॉन वाटेत गेला तर माहितीच गेली, एंटँगलमेंट मात्र फसलं तर परत करता येतं, जमलं की मगच टेलिपोर्टेशनने, म्हणजे त्या गुंतलेल्या जोडीच्या आधाराने, अवस्था पलीकडं न्यायची.