सफरचंदाचा रस, तांबे आणि 'जिवंत' विकरे

घोडबंदर रोडवरील आमच्या गृहसंकुलाच्या क्लबहाउसमध्ये अलीकडेच एका रविवारी सकाळी रस काढण्याच्या यंत्राचे प्रात्यक्षिक झाले. यंत्र सावकाश फिरणारे, 'कोल्ड प्रेस' या नावाने सध्या बरेच खपणारे. प्रात्यक्षिक दाखवणाऱ्या तरुणाने सफरचंदाचा रस काढून पेला टेबलावर ठेवला आणि सांगितले की साध्या मिक्सरमध्ये फळातील विकरे (म्हणजे एन्झाइम) मरतात, या यंत्रात मात्र ती जिवंत राहतात आणि आपल्या पोटात जाऊन काम करतात. तेवढ्यात पुढच्या रांगेतील एका आजींनी विचारले, "अहो, पण हा रस इतक्यात तांबूस का झाला?" त्यावर त्याने क्षणभरही न अडखळता उत्तर दिले की सफरचंदात भरपूर लोह असते आणि हवा लागली की ते गंजते. सगळ्यांनी माना डोलावल्या. मी शाळेत बरीच वर्षे रसायनशास्त्र शिकवले असल्यामुळे माझी मान काही डोलेना. त्याची दोन्ही विधाने चुकीची होती, आणि गंमत अशी की तो तांबूस पेलाच त्यांपैकी पहिल्या विधानाच्या विरोधात साक्ष देत होता.

लोहाचा गैरसमज लवकर निकालात काढता येतो. 100 ग्रॅम सफरचंदात लोह एक मिलिग्रॅमहूनही कमी असते, तर भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या 2020 च्या शिफारशीनुसार प्रौढ स्त्रीला दिवसाला 29 मिलिग्रॅम लोहाची गरज असते. रंगावरून लोह ओळखायचे ठरवले, तर चिरलेले वांगे आणि सोललेला बटाटाही पौष्टिकतेच्या यादीत सफरचंदाच्या शेजारी बसतील. या काळेपणामागे धातू आहे हे मात्र खरे. तो धातू लोखंड नसून तांबे आहे, आणि त्याचे काम मला इतके आवडते की त्याविषयी जरा विस्ताराने लिहिते.

वनस्पतीची पेशी आतून मिसळणाच्या डब्यासारखी असते. एकाच डब्यात हळद, मोहरी, जिरे शेजारी शेजारी नांदतात, पण प्रत्येकाची वाटी वेगळी. सफरचंदाच्या पेशीत मधली मोठी वाटी म्हणजे रिक्तिका. तीत पाणी, साखर, आम्ले आणि फेनॉल गटातील अनेक संयुगे साठवलेली असतात. क्लोरोजेनिक आम्ल हे त्यांपैकी एक मुख्य संयुग. दुसरी वाटी म्हणजे लवके, आणि त्यांत पॉलिफेनॉल ऑक्सिडेज नावाचे विकर असते. फळ अखंड असते तोवर हे विकर आणि ती फेनॉले एकमेकांना भेटत नाहीत. सुरी चालली, दात लागला, फळ हातातून पडून आदळले किंवा रसाच्या यंत्रात गेले, की वाट्यांची पटले फाटतात. रस काढणे म्हणजे अशा कोट्यवधी डब्यांना एकाच वेळी उपडे करणे होय.

या विकराच्या रेणूत जिथे प्रत्यक्ष काम चालते, तिथे तांब्याचे दोन अणू समोरासमोर बसलेले असतात. प्रत्येक अणूला हिस्टिडीन या अमिनो आम्लाच्या तीन भुजांनी धरून ठेवलेले असते. हवेतील ऑक्सिजनचा रेणू या दोन अणूंच्या मधोमध पुलासारखा अडकतो आणि तिथून फेनॉलच्या कड्यावर हल्ला होतो. एकच हायड्रॉक्सिल गट (ऑक्सिजन व हायड्रोजनच्या अणूंची जोडी) असलेल्या फेनॉलला शेजारी दुसरा गट जोडला जातो, आणि असे दोन शेजारी गट असलेल्या फेनॉलचे ऑक्सिडीभवन होऊन क्विनोन तयार होते. विकराचे काम येथे संपते. पुढचा उद्योग क्विनोने स्वतःच करतात: ती अतिशय क्रियाशील असल्यामुळे एकमेकांना, उरलेल्या फेनॉलांना आणि आसपासच्या प्रथिनांनाही चिकटत जातात व त्यांतून तपकिरी रंगाची मोठमोठी बहुवारिके (म्हणजे पॉलिमर) बनतात. पेल्यात आपल्याला दिसतो तो हा शेवटचा भाग. समोरासमोरच्या दोन तांब्यांची हीच रचना खेकड्याच्या रक्तात ऑक्सिजन वाहून नेते, म्हणूनच ते रक्त निळसर असते. बाजारातून आणलेली कोळंबी उशिरा निवडायला घेतली की तिचे डोके काळे पडते, तेही या कुळातील विकरामुळे. आपल्या केसांचा आणि त्वचेचा रंग घडवणारे टायरोसिनेज हे त्याच घराण्यातले असून, बुर्केलो आणि बर्ट्रां या फ्रेंच शास्त्रज्ञांनी ते 1895 च्या सुमारास प्रथम शोधले ते मात्र कापल्यावर काळ्या पडणाऱ्या अळंबीत.

हे विकर वनस्पतीने आपला रस बिघडवण्यासाठी बाळगलेले नाही. जखम झाली की तिथे क्विनोने तयार व्हावीत, ती कुरतडणाऱ्या किडीच्या किंवा आत शिरू पाहणाऱ्या बुरशीच्या प्रथिनांना चिकटून तिला जड जावीत, अशी ती संरक्षणाची सोय आहे. चहाच्या कारखान्यात तर ही जखम मुद्दाम केली जाते. पाने चुरगाळून ठेवल्यावर हिरवा पाला तांबूस काळा होतो तो याच विकरामुळे, आणि हिरवा चहा हवा असेल तर पाने आधीच तापवून ते निकामी करतात. तेव्हा तपकिरी झालेला रस विषारी असतो असे कोणी समजू नये. चव व वास उतरतात आणि काही उपयुक्त संयुगे खर्ची पडतात, इतकेच.

त्या रविवारी घरी आल्यावर मी वाशीच्या फळबाजारातून आलेली पाच सफरचंदे घेतली आणि त्यांचा रस ओट्यावर पाच पेल्यांत वेगवेगळा ठेवला. पहिला नुसता होता. तो दहा मिनिटांत चहाच्या रंगाकडे झुकला. दुसऱ्यात अर्धे लिंबू पिळले होते आणि तो दुपारपर्यंत फिकट पिवळाच राहिला, कारण या विकराला साधारण 5 ते 7 सामू (म्हणजे pH; तो जितका कमी तितका रस आंबट) मानवतो आणि सामू 3 च्या खाली गेला की ते जवळपास थांबते. तिसऱ्यात मीठ घातले होते. मिठातील क्लोराइडमुळे विकर मंदावते. चिरलेले वांगे मिठाच्या पाण्यात टाकणाऱ्या आपल्या आज्यांना क्लोराइड ठाऊक नसले तरी परिणाम ठाऊक होता, शिवाय पाण्यामुळे फोडींना हवाही कमी लागते. चौथ्या पेल्यासाठी सफरचंदाच्या फोडी आधी पाच मिनिटे वाफवून घेतल्या होत्या. वाफेत विकराच्या रेणूची घडी कायमची विस्कटते, त्यामुळे हा रस थोडा शिजका लागला, पण रंग बदलला नाही.

पाचव्या पेल्यात जीवनसत्त्व क च्या गोळीचा छोटासा तुकडा विरघळवला होता, आणि मला सर्वांत जास्त आवडला तो हाच पेला. अर्धा-पाऊण तास त्यात काहीच घडले नाही आणि त्यानंतर तो भराभर तपकिरी होऊ लागला. याचा अर्थ विकर पहिल्या मिनिटापासून काम करतच होते. ते फेनॉलाचे क्विनोन करत होते आणि जीवनसत्त्व क त्या क्विनोनाचे क्षपण (ऑक्सिडीभवनाच्या उलट क्रिया) करून पुन्हा फेनॉल बनवत होते, मात्र प्रत्येक वेळी स्वतः ऑक्सिडीभूत होऊन खर्च होत होते. साठा संपला आणि रंग उमटला. म्हणजे ज्या जीवनसत्त्वासाठी आपण रस पितो, त्याचाच बळी देऊन रसाचा रंग टिकत असतो.

आता 'जिवंत' या शब्दाकडे वळू. विकरे जिवंत नसतात. ती प्रथिने आहेत. हे ज्या प्रयोगाने सिद्ध होऊ लागले तो प्रयोगच मुळी एका रसाचा होता. एडुआर्ड बुखनर या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने यीस्टच्या पेशी वाळू आणि डायटमी मातीबरोबर खलात घोटल्या, तो लगदा कापडात बांधून दाबयंत्रात पिळला आणि पेशीविरहित रस मिळवला. खऱ्या अर्थाने कोल्ड प्रेस! रस नासू नये म्हणून, आपण मुरांब्यात घालतो तशी, त्यात भरपूर साखर घालण्यात आली. तर त्यातून बुडबुडे येऊ लागले आणि साखरेचे अल्कोहोल झाले. किण्वन (म्हणजे हे आंबणे) ही फक्त जिवंत पेशीची करामत आहे असे तोवर पाश्चरसारखे थोर शास्त्रज्ञही मानत होते. जिवंत असे काहीही नसलेल्या रसात किण्वन होते हे बुखनरने 1897 मध्ये जाहीर केले आणि त्यासाठी त्याला 1907 चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. पुढे 1926 मध्ये जेम्स समनर याने युरिएज या विकराचे स्फटिक मिळवून ते प्रथिन असल्याचे दाखवले. प्रथिनांचे जठरात काय होते हे शाळेतच शिकवले जाते: सफरचंदाचे विकर आणि तुरीच्या डाळीचे प्रथिन यांत पेप्सिन हे प्रथिने तोडणारे जठरातील विकर भेदभाव करत नाही.

तेव्हा कोल्ड प्रेस यंत्रात विकरे टिकतात हे खरे असले तरी ती साध्या मिक्सरमध्येही टिकतात, कारण मिनिटभर फिरणाऱ्या पात्यांनी रस काही अंशांनीच तापतो आणि ही विकरे निकामी करायला सुमारे 70 ते 90 अंश सेल्सिअस तापमान लागते. टिकलेली विकरे आपल्यासाठी काम करत नाहीत. पेल्यातील फेनॉले आणि जीवनसत्त्व क यांवरच ती चालून जातात. काकडी, दुधी, भोपळा यांच्या कुळात तर ॲस्कॉर्बेट ऑक्सिडेज नावाचे आणखी एक तांबेधारी विकर मुबलक असते आणि ते थेट जीवनसत्त्व क चेच ऑक्सिडीभवन करते. त्यातून बनणारा पहिला पदार्थ शरीराला वापरता येतो, परंतु तो अस्थिर असतो आणि पुढे विघटन झाले की परतीची वाट उरत नाही. काकडीचा रस करायचाच असेल तर लिंबू आधी पिळावे, नंतर नव्हे, आणि रस लगेच प्यावा. सावकाश फिरणाऱ्या यंत्राचा एक फायदा मात्र मान्य करायला हवा: मिक्सरची पाती रसात हवा घुसळतात, हे यंत्र कमी घुसळते, त्यामुळे रंग थोडा उशिरा बदलतो. त्यासाठी किती हजार रुपये मोजावेत हे ज्याचे त्याने ठरवावे.

तलावपाळीला सकाळी फिरायला येणाऱ्यांच्या तोंडी 'डिटॉक्स' हा शब्द वारंवार ऐकू येतो. शरीरातील नको असलेली द्रव्ये निकामी करून बाहेर टाकण्याचे काम यकृत आणि मूत्रपिंडे अहोरात्र करतात, आणि पेलाभर हिरव्या रसाने त्यांची जागा घेतल्याचे माझ्या माहितीत नाही. उलट पालकाचा रस रोज भरपूर प्यायल्यास त्यातील ऑक्झलेट मूत्रपिंडांवर ताण आणू शकते. ज्यांना मुतखड्याचा त्रास आहे त्यांनी तरी हा नेम डॉक्टरांना विचारल्याशिवाय धरू नये.

उपडा झालेला डबा आणखी एका प्रकारे महागात पडतो. अखंड सफरचंदातील साखर पेशींच्या भित्तिकांत कोंडलेली असते आणि ती चावून मोकळी करण्यास वेळ लागतो. 1977 मध्ये 'द लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अभ्यासात, साखर तितकीच असूनही सफरचंदाचा रस अखंड सफरचंदांपेक्षा 11 पट वेगाने पिऊन झाला, इन्शुलिन जास्त वाढले आणि नंतर रक्तातील साखर अधिक खाली घसरली. फळात अंगभूत असलेल्या साखरेला जागतिक आरोग्य संघटना 'मुक्त शर्करा' म्हणत नाही, रसातील साखरेला मात्र म्हणते. मग तो रस घरी, साखर न घालता काढलेला का असेना. एका पेल्याला तीन-चार सफरचंदे लागतात आणि ज्यात तंतू असतात तो चोथा आपण फेकून देतो. मी तो थालीपिठाच्या पिठात मळते. गाजराचा चोथा त्यात फारच छान लागतो, सफरचंदाचा तितकासा नाही.

शेवटी कडवटपणाबद्दल, कारण तिथे गल्लत धोक्याची ठरते. मोसंबीचा रस काढल्याबरोबर गोड लागतो आणि ठेवला की कडू होतो, हा अनुभव सर्वांनाच आहे. तोही वाट्या सांडण्याचाच प्रकार आहे: फळाच्या पेशीत असलेले एक बेचव संयुग रसातील आम्लात मिसळले की हळूहळू त्याचे लिमोनिन या कडू पदार्थात रूपांतर होते. हा कडूपणा निरुपद्रवी असतो.

दुधीचा कडूपणा तसा नसतो. दुधीच्या कुळातील वनस्पती स्वतःच्या संरक्षणासाठी कुकुरबिटासिन नावाची कडू संयुगे बनवतात. आपल्या खाण्यातील वाणांत त्यांचे प्रमाण नगण्य असते, पण एखाद्या फळात ते अचानक फार वाढलेले असू शकते आणि बाहेरून पाहून ते ओळखता येत नाही. दुधीची भाजी कडू लागली तर आपण पहिल्या घासालाच थांबतो. रस मात्र औषध समजून, नाक मुठीत धरून, रिकाम्या पोटी पेलाभर पिऊन टाकला जातो. 2010 मध्ये दिल्लीत असा कडू रस प्यायल्यानंतर एकाचा मृत्यू झाला आणि त्यानंतर भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने या विषयावर तज्ज्ञांची समिती नेमली. कडू रसानंतर तीव्र उलट्या, जुलाब, पोटात व आतड्यांत रक्तस्राव आणि रक्तदाब घसरणे अशी लक्षणे दिसतात, आणि त्यावर कोणताही उतारा उपलब्ध नसल्यामुळे रुग्णालयात लक्षणांवरच उपचार करावे लागतात. जांभळी नाक्यावरून आणलेला दुधी कितीही कोवळा आणि तुकतुकीत दिसला, तरी रस काढण्याआधी त्याची एक चकती जिभेवर ठेवून पाहावी, आणि ती किंचितही कडू लागली तर अख्खा दुधी कचऱ्यात टाकावा. आले, पुदिना किंवा मध घालून ती चव झाकू नये.