पाळणाघर : आरोग्य, सुरक्षितता आणि मनुष्यबळ

पाळणाघर म्हणजे आईवडील नोकरीस किंवा मजुरीस गेले असताना त्यांच्या साधारणतः सहा महिने ते सहा वर्षे वयाच्या मुलांना दिवसभर सांभाळणारी, भरवणारी, झोपवणारी आणि खेळवणारी व्यवस्था. बालवाडी काही तासांत सुटते. पाळणाघरात मात्र मुलाचे जेवण, शी-शू, दुपारची झोप आणि कधी आजारपणाची पहिली चाहूलही तेथील ताई-मावश्यांच्या हाती असते. त्यामुळे आरोग्य व सुरक्षितता हीच या कामाची मुख्य बाजू आहे आणि ती सर्वांत जास्त अवलंबून असते ती माणसांच्या संख्येवर व त्यांच्या टिकून राहण्यावर.

महाराष्ट्रात ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डी येथे व पुढे कोसबाड येथे उभ्या केलेल्या कामात पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा एकाच आवारात आणणारी ‘विकासवाडी’ ही कल्पना आकाराला आली. बांधकाम मजुरांच्या मुलांसाठी मीरा महादेवन यांनी १९६९ मध्ये दिल्लीत ‘मोबाइल क्रेशेस’ ही संस्था सुरू केली. १९७२ पासून मुंबईतील बांधकामांवरही तिची पाळणाघरे चालू लागली. कायद्याच्या बाजूने पाहता, कारखाने अधिनियम, १९४८ नुसार तीसपेक्षा अधिक स्त्री-कामगार असलेल्या कारखान्यात सहा वर्षांखालील मुलांसाठी हवेशीर व स्वच्छ खोली आणि बालसंगोपनाचे प्रशिक्षण घेतलेल्या स्त्रिया असणे बंधनकारक करण्यात आले. प्रसूती लाभ कायद्यातील २०१७ च्या दुरुस्तीने पन्नास वा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघराची सोय सक्तीची केली आणि आईला दिवसातून चार वेळा तेथे जाण्याची मुभा दिली. ही तरतूद सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्येही ठेवली आहे. परंतु पुणे, ठाणे, डोंबिवलीसारख्या शहरांत कुणा काकूंच्या राहत्या घरात चालणारी असंख्य पाळणाघरे या तरतुदींच्या कक्षेत येत नाहीत, आणि तेथील मुलांची सुरक्षितता मुख्यतः चालवणाऱ्या व्यक्तीच्या समजेवर उरते.

राष्ट्रीय पाळणाघर योजनेत २५ मुलांमागे एक सेविका व एक मदतनीस असे प्रमाण धरलेले होते. केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयाच्या २०१८ मधील मार्गदर्शक सूचनांत तीन वर्षांखालील मुलांसाठी दहामागे एक असे अधिक काटेकोर प्रमाण सुचवले आहे. इंग्लंडमध्ये दोन वर्षांखालील तीन मुलांमागे एक प्रौढ व्यक्ती लागते. आपल्याकडील प्रमाण तान्ह्या मुलांच्या बाबतीत अपुरे आहे, हे स्पष्ट म्हटले पाहिजे. एका बाळाचे लंगोट बदलून, हात धुऊन, दुसऱ्याला भरवायला बसलेली सेविका त्याच वेळी रांगणाऱ्या तिसऱ्याकडे पाहू शकत नाही. आणि खोलीत धूर झाला तर एका माणसाला फार तर दोन तान्ही मुले उचलून बाहेर पडता येते. शिवाय कागदावरचे प्रमाण सकाळच्या हजेरीवरून मोजले जाते, तर प्रत्यक्षात सेविकेची जेवणाची सुट्टी, तिचे आजारपण आणि सणवार यांमुळे दुपारी खोलीत एकच व्यक्ती उरते. यासाठी रजेच्या दिवशी येणारी, मुलांच्या ओळखीची बदली मावशी आधीपासून नेमून ठेवणे आवश्यक असते. तान्ही मुले ठरावीक माणसांना लळा लावून घेतात. अत्यल्प मानधनामुळे दर काही महिन्यांनी माणसे बदलत राहिली, तर मूल रडवेले होते, नीट जेवत नाही आणि त्याची लक्षणे ओळखणारे कुणी राहत नाही.

संसर्ग रोखण्याचा सर्वांत परिणामकारक उपाय म्हणजे साबण व वाहत्या पाण्याने किमान वीस सेकंद हात धुणे, विशेषतः शी धुतल्यावर आणि भरवण्यापूर्वी. लंगोट बदलण्याची जागा स्वयंपाकाच्या ओट्यापासून दूर असावी, आणि शक्य असेल तेथे ही दोन कामे एकाच व्यक्तीकडे देऊ नयेत. प्रवेशाच्या वेळी लसीकरणाचे कार्ड पाहणे ही औपचारिकता नव्हे : गोवर-रुबेला लसीची पहिली मात्रा नऊ महिने पूर्ण झाल्यावर मिळत असल्याने त्याहून लहान बाळांचे रक्षण मोठ्या मुलांच्या लसीकरणावरच होते. कांजिण्यांच्या सर्व फोडांवर खपली धरेपर्यंत मूल घरी ठेवावे लागते. जुलाब सुरू झाल्यास पालकांना बोलावून ते येईपर्यंत जलसंजीवनी पाजत राहावे. औषध केवळ पालकांच्या लेखी सूचनेनुसार व डॉक्टरांची चिठ्ठी पाहूनच द्यावे. बाळगुटीलाही हाच नियम लावावा, आणि वर्षाखालील बाळाला मध मुळीच चाटवू नये, कारण त्यातून गंभीर विषबाधेचा धोका असतो.

अपघातांपैकी पाण्याचा धोका सर्वाधिक दुर्लक्षित राहतो. नळाला ठरावीक वेळीच पाणी येणाऱ्या वस्त्यांत न्हाणीघरात भरलेल्या बादल्या व पिंपे असतातच, आणि उभे राहायला शिकलेले मूल त्यात डोक्यावर पडले तर थोड्याशा पाण्यातही, आवाज न होता बुडते. म्हणून न्हाणीघराला मुलाचा हात न पोहोचणारी कडी आणि पिंपांना घट्ट झाकणे हवीत. शेंगदाणे, फुटाणे, अख्खी द्राक्षे, चिकूच्या बिया यांनी श्वासनलिका बंद होऊ शकते. अशा वेळी वर्षाखालील बाळाला पालथे, डोके खाली धरून पाठीवर पाच थापा आणि मग उताणे करून छातीवर पाच दाब देण्याची पद्धत प्रत्येक कर्मचाऱ्याने प्रत्यक्ष सराव करून शिकलेली असावी, कारण रुग्णवाहिका येईपर्यंत वेळ नसतो. तान्ह्या बाळांना उताणे, सपाट अंथरुणावर, उशीशिवाय झोपवावे आणि ती झोपली असताना खोलीत कुणीतरी जागे असावे. खिडक्यांना जाळ्या, खालच्या प्लगांना झाकणे व स्वयंपाकघराच्या दाराला अडसर या गोष्टी सोप्या आहेत. गरम चहाचा कप घेऊन मुलांमध्ये न बसण्याची शिस्त मात्र रोज पाळावी लागते.

नवी मुंबईतील खारघर येथे २०१६ मध्ये दहा महिन्यांच्या मुलीला सांभाळणाऱ्या बाईने केलेली अमानुष मारहाण कॅमेऱ्याच्या चित्रफितीतून उघड झाली, आणि त्यानंतर पालक पाळणाघरात कॅमेऱ्यांची चौकशी करू लागले. कॅमेरा पुरावा देतो. मारणारा हात त्याच क्षणी धरायला दुसरी प्रौढ व्यक्तीच लागते. म्हणून पूर्वचारित्र्याची पोलीस पडताळणी, कोणत्याही कर्मचाऱ्याने मुलासोबत बंद दाराआड एकटे न राहण्याचा नियम आणि आधी न कळवता केव्हाही येण्याची पालकांना मोकळीक यांना अधिक महत्त्व आहे. बाल न्याय अधिनियम, २०१५ नुसार मूल सांभाळण्यासाठी नेमलेल्या व्यक्तीने केलेल्या क्रौर्याला पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी व पाच लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. लैंगिक अत्याचाराची माहिती असूनही पोलिसांना न कळवणे हा पॉक्सो कायद्याखाली स्वतंत्र गुन्हा असून संस्थेची बदनामी होईल ही सबब तेथे चालत नाही. मदतीसाठी १०९८ हा क्रमांक मुलांच्या खोलीबाहेर ठळकपणे लावलेला असावा.

मूल परत देताना ते नेण्यास अधिकृत असलेल्यांची नावे व छायाचित्रे जवळ ठेवावीत. अनोळखी नातेवाईक आल्यास पालकांशी फोनवर बोलल्याशिवाय ताबा देऊ नये. लोकल बंद पडून किंवा पावसात अडकून पालकांना उशीर होणे मुंबई परिसरात नेहमीचे आहे. अशा दिवसांसाठी जादा वेळेचा मोबदला ठरवून शेवटचे मूल जाईपर्यंत दोन कर्मचारी थांबतील, अशी व्यवस्था प्रवेशाच्या अटींतच लिहिलेली असावी.