हातमोजे घातले म्हणजे बोटं वाचली?

"राऊटर चालवतोस ना, मग आधी हातमोजे घाल." लाकडाला खाच पाडणारं, कडा घडवणारं हे यंत्र वापरणाऱ्याला हा सल्ला काळजीपोटीच दिला जातो, पण चुकीचा आहे.

मोजा खरचटण्यापासून वाचवतो, फिरत्या पात्यापासून नाही. ट्रिमरचा, म्हणजे छोट्या राऊटरचा, वेग मिनिटाला 30,000 फेऱ्यांपर्यंत जातो, म्हणजे सेकंदाला 500. मोज्याचा एक सुटा दोरा बिटमध्ये (राऊटरच्या फिरत्या पात्यात) अडकला, तर हात मागे घ्यायचं सुचेपर्यंत बिटचे शंभरेक फेरे होऊन गेलेले असतात. उघड्या बोटाला पातं लागलं तर जखम होते, तीही वाईटच. पण मोजा गुंडाळला गेला तर तो बोटांसकट हात आत ओढतो. ड्रिल, टेबल सॉ, लेथ अशा फिरत्या यंत्रांनाही हेच लागू. मनगटावरची राखी, गंडादोरा, सैल बाही, गळ्यातला गमछा हे सगळे मोज्याचेच भाऊबंद. (राखी काढायला मन होत नाही, कबूल. मग ती घट्ट बाहीच्या आत तरी दाबा.)

मोजे घालायचे ते प्लायची फळी उचलताना, किंवा प्लग काढून धारदार बिट बदलताना. अँगल ग्राइंडरची गोष्ट जरा वेगळी: तिथे ठिणग्या उडतात, त्यामुळे बेतशीर घट्ट मोजे चालतात.

राऊटरवर हात वाचतात ते दोन्ही मुठी धरल्याने आणि लाकूड क्लॅम्पने आवळल्याने. एका हातात तुकडा, दुसऱ्या हातात ट्रिमर, हे तर मोज्यांशिवायही नको. चष्मा, कानाचे मफ आणि मास्क मात्र हवेतच.